तीव्रता नव्हे, महत्ता

‘रिश्टर स्केलवर ६.२ तीव्रतेचा भूकंप’ या बातमीत दोन चुका आहेत. संपादकांनी भूकंपाचा आकडा समजावून द्यायला सांगितलं आहे, पण शब्द चुकला की आकडाही चुकीचाच वाचला जातो. म्हणून आधी शब्द. शाळेत सदिशाचं ‘परिमाण’ शिकवतात, आकाशनिरीक्षक ताऱ्याची ‘प्रत’ सांगतात, भूकंपशास्त्रात आम्ही ‘महत्ता’ म्हणतो. इंग्रजीत तिन्हींना मॅग्निट्यूड हा एकच शब्द आहे. मराठीने तीन शब्द केले ते योग्यच, कारण तिन्ही मोजमापं वेगळी आहेत. ताऱ्याची प्रत तर उलटी चालते: तारा जितका तेजस्वी तितका आकडा लहान, व्याधाचा उणे १.४६. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी पट्टी आखली, तेव्हा नाव खगोलशास्त्रातून घेतलं, अर्थ मात्र स्वतंत्र ठरवला. भूकंपापासून १०० किलोमीटरवर ठेवलेल्या वुड-अँडरसन यंत्राच्या नोंदीत रेघ १ मिलिमीटर हलली तर महत्ता ३, १० मिलिमीटर हलली तर ४. रेघ दहापट हलते तेव्हा बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ३२ पट असते.

ही पट्टी मोठ्या भूकंपांना अपुरी पडते. काही मर्यादेनंतर भूकंप कितीही मोठा असला तरी तिच्यावरचा आकडा फारसा वाढत नाही. म्हणून हँक्स आणि कानामोरी यांनी १९७९ मध्ये नवी महत्ता मांडली. खडकाचा किती पृष्ठभाग फाटला, तो किती सरकला आणि खडक किती ताठ होता, यांच्या गुणाकारावर ती बेतलेली आहे. आज मोठ्या भूकंपांसाठी हीच वापरतात. तिला रिश्टरचं नाव देणं बरोबर नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपाला भारतीय हवामान खात्याने ६.९ आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने ७.७ म्हटलं, तेव्हा कोणीतरी चुकतंय असा बोभाटा झाला. आक्षेप स्वाभाविक होता, पण पट्ट्याच दोन होत्या. आकडा देताना पट्टीचं नाव सांगायला हवं, ही जबाबदारी आम्हा शास्त्रज्ञांची आहे आणि आम्ही ती नीट पार पाडलेली नाही.

आता तीव्रता, म्हणजे एखाद्या ठिकाणी हादरा किती जाणवला आणि नुकसान किती झालं याचं माप. तिच्या १ ते १२ पायऱ्या असतात आणि ती गावोगाव बदलते; महत्ता साऱ्या भूकंपाला एकच. काही जण म्हणतात, लोकांना ‘तीव्रता’ कळते, ‘महत्ता’ कळत नाही, मग शब्दाचा आग्रह कशाला? उत्तर किल्लारीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या भूकंपाची महत्ता ६.२. भूजमध्ये त्याच्या जवळपास पावणेदोनशे पट ऊर्जा मोकळी झाली, तरी मृत्यूंच्या संख्येतला फरक त्या प्रमाणाच्या कुठेही जवळ जात नाही. किल्लारीचा उगम उथळ होता, वेळ पहाटे चारच्या आधीची होती, आणि घरं दगड-मातीची होती: दोन्ही अंगांना दगडांची चळत, मध्ये भर, वर मातीचं जड माळवद. दोन्ही अंगांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड नसला की अशी भिंत हादऱ्याने उभी फाकते आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर येतं. यातलं काहीही ६.२ या आकड्यात लिहिलेलं नाही. महत्तेलाच तीव्रता म्हटलं की सगळा दोष भूकंपाच्या माथी जातो आणि भिंतीची चौकशी राहून जाते. महत्ता ठरवणं आपल्या हातात नाही. भिंतीत आरपार दगड घालणं आहे.