बारा मिनिटांची मिठी

ब्युनोस आयर्समध्ये टँगो नाचायला लोक रात्री मिलोंगाला जमतात. जुन्या वळणाच्या मिलोंगात बायका एका भिंतीकडे, पुरुष समोरच्या भिंतीकडे, आणि मधे लाकडी फरशी. कुणी उठून कुणाच्या टेबलापाशी जात नाही. पुरुष बसल्या जागेवरून एखादीकडे पाहतो; तिनेही नजर दिली तर मान किंचित हलवतो. तिला नको असेल तर ती दुसरीकडे बघते, विषय तिथेच संपतो. या रीतीला काबेसेओ म्हणतात. एवढ्या गर्दीत नकार झाल्याचं शेजारच्यालाही कळत नाही, मग पाणउतारा कसला? पंचाईत होते ती चष्मेवाल्यांची. नाचताना काड्या समोरच्याच्या कानशिलाला टोचतात म्हणून चष्मा काढून ठेवावा, तर पलीकडचा आपल्याकडे बघतोय की शेजारणीकडे, हेच मला समजत नसे.

होकार दिला की तो बहुधा चार गाण्यांसाठी. एकाच वाद्यवृंदाची, बरीचशी 1930-40च्या दशकांतली गाणी सलग लावतात: कधी हुआन दारिएन्सो, कधी कार्लोस दि सार्ली, कधी आनिबाल त्रोइलो. हा झाला तांदा. मग भलत्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो, फरशी रिकामी होते आणि पुरुष बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवतो. तांदा अर्धवट सोडून मधेच ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणणं म्हणजे चारचौघांत नाराजी जाहीर करणं. ते सहसा कुणी करत नाही.

म्हणजे दहा-बारा मिनिटं अनोळखी माणसाच्या छातीला छाती, गालाला गाल, आणि सुटका नाही.

स्वच्छतेचा प्रश्न इथे येतो. अर्जेंटिनात रात्रीचं जेवण उशिरा होतं. त्यात निखाऱ्यावर भाजलेलं मांस आणि वर लसूण-अजमोदाची चिमिचुरी. त्यामुळे मिलोंगाला निघताना खिशात पुदिन्याच्या गोळ्या असतातच. च्युइंग गम मात्र नको. गाल गालाला टेकलेला असताना समोरच्याचा जबडा रवंथ करत असेल तर त्रोइलोच्या बँदोनिऑनचे सूर ऐकणार तरी कसे?

जानेवारी तिथला ऐन उन्हाळा, हवाही दमट. एका तांद्यात मला सत्तरीतला एक जुना नाचणारा भेटला. पहिलं गाणं संपून दुसरं सुरू होताच कुणी लगेच पाऊल उचलत नाही, जोड्या थोडा वेळ उभ्याउभ्या गप्पा मारतात. त्या गप्पांत त्याने सांगितलं, की तो पिशवीत इस्त्रीचे आणखी दोन शर्ट घेऊन येतो, आणि अंग भिजलं की एखादा तांदा सोडून बदलून येतो. यात शहाणपण आहे. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरचे जिवाणू त्यातले घटक फोडतात तेव्हा तो येतो. कालचा शर्ट वाळला तरी हे सगळं कापडात राहतं आणि अंगाची ऊब लागताच पुन्हा दरवळतं. पॉलिस्टरमध्ये तर जास्तच. वरून अत्तराचा फवारा मारला की दोन्ही वास मिळून तिसराच काही तयार होतो.

अत्तराचा अतिरेक करण्यात बायकाही मागे नाहीत. एखादीचा सुगंध तिच्या जोडीदाराच्या कॉलरवर बसतो आणि पुढच्या तांद्यात दुसरीच्या नाकात जातो. फाउंडेशनचे डाग तर पांढऱ्या शर्टावर रात्रभर मिरवतात. उघड्या पाठीचे पोशाख दिसतात देखणे, पण नाचणाऱ्याचा तळवा नेमका त्या ओल्या पाठीवर टेकतो. म्हणून टेबलावर पंखा आणि छोटा टॉवेल ठेवणाऱ्या अनुभवी बायकांकडे बघून मीही ते बाळगायला लागले.

फरशीवरचे रिवाजही गर्दीतूनच आले आहेत. सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. नव्या जोडीने आत शिरताना येणाऱ्या पुरुषाची नजर घ्यायची, त्याने वाट दिली की पाऊल टाकायचं. रिओबांबा रस्त्यावरच्या ‘एल बेसो’ची फरशी लहान, तिथे टाच हवेत उडवणारी बाई आणि तिला उडवायला लावणारा पुरुष, दोघांकडेही लोक वळून बघतात. टोकदार टाच पोटरीत घुसली की रक्त निघतं. धक्का लागलाच तर पुरुष हात किंचित उचलून दिलगिरी दाखवतो आणि रांग पुढे सरकते. मंचावरचा टँगो पाहून आलेल्यांना हे सगळं मिळमिळीत वाटतं. मला मात्र आखडत्या पावलांतलं कसब जास्त अवघड वाटलं.

पुण्यातल्या साल्साच्या रात्रींना यातलं काय उपयोगी पडेल? जादा शर्टाचा नियम तर पहिल्याच दिवशी लागू करावा. तिथे एका गाण्यानंतर ‘थँक यू’ म्हणून सुटता येतं, पण गिरक्यांमुळे घामही दुपटीने येतो आणि ओल्या हाताची पकड निसटते. काबेसेओ मात्र चालायचा नाही. जुन्या मिलोंगांत समोरच्या भिंतीपर्यंत नजर पोचावी इतपत उजेड असतो. आपल्याकडच्या जांभळ्या दिव्यांत शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, हेही ओळखू येत नाही.