छऱ्याच्या बंदुकीचा जोर

आमच्याकडे एक छऱ्याची बंदूक आहे. दादाने घेतली तेव्हा साडेतीन-चार हजारांची होती, म्हणजे एअर रायफलींच्या दुनियेत अगदी तळाची. नळी मधून मोडायची, छरा घालायचा, नळी परत बसवायची आणि चाप ओढायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिच्याबद्दल फारसं चांगलं नाही. दादाने ती घेतली होती द्राक्षांवर बसणाऱ्या पोपटांसाठी. आमच्या विंचूर-लासलगाव पट्ट्यात जानेवारीत मण्यांत पाणी भरायला लागलं की पोपटांचे थवे उतरतात. गोफण झाली, डबे वाजवून झाले, चकाकत्या रिबिनी बांधून झाल्या, मग ही आली.

(विंचूर म्हणजे पानिपतावर लढून परत आलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव. त्यामुळे गावात बंदुकीचं अप्रूप कुणाला वाटू नये. पण छऱ्याच्या बंदुकीलाही अजून माणसं जमतात ती जमतातच.)

आता ती बंदूक पोपटांसाठी नाही. एक तर पोपट मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि हे दादाला वहिनींनी माझ्या आधी सांगितलं होतं. दुसरं म्हणजे आमची पुतणी. आठवीत आहे. शाळेतल्या सरांनी तिला नेमबाजीत घातलं आणि घरात एकदम नवीन शब्द आले: ओपन साईट, पीप साईट, स्टँडिंग, ग्रुप. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये एअर रायफलचे हे दोन वेगळे गट असतात. पीप साईट म्हणजे बारीक भोकातून बघायची महागडी परदेशी रायफल. ओपन साईट म्हणजे साधी खाच आणि साधी माशी, आणि तिथे आपल्या देशात बनलेल्या स्वस्त रायफली घेऊन पोरं उभी राहतात. म्हणजे आमच्या बंदुकीला जागा होती. फक्त ती नेम धरलेल्या ठिकाणी मारत नव्हती.

मला या प्रकरणात रस का, तर एनसीसी. कॉलेजात असताना पॉइंट टू टू रायफलने पालथं पडून २५ यार्डांवर मारलेल्या गोळ्या मी अजून मोजून सांगू शकतो, कारण मिळायच्याच मोजून. अंजली भागवतही एनसीसीतूनच या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्याच पॉइंट टू टूच्या रायफलने तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली, आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं. पण ती रायफल ठेवायला परवाना लागतो, आणि तिच्यात काही बदल करायचा तर तोही परवानाधारक कारागिरानेच करायचा, घरी पान्हे घेऊन बसायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीचाही उल्लेख स्पष्ट आहे. छऱ्याची बंदूक मात्र ०.१७७ इंच व्यासाची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना नको. म्हणजे माझ्यासारख्या हौशी माणसाला हात घालायला हीच एक.

तर मंडळी, दिवाळीनंतर कांद्याची चाळ रिकामी झाली आणि तिथे आमचं संशोधन केंद्र सुरू झालं. चाळीच्या मधल्या बोळीत बरोबर दहा मीटर मोजले. टोकाला द्राक्षाच्या खोक्यात जुन्या साड्या ठासून भरल्या, त्यामागे जाड पत्रा, आणि पलीकडचं दार कुलूप लावून बंद. छरा लहान असला तरी डोळा घेऊ शकतो, यात तडजोड नाही.

आधी आजार काय ते बघायचं होतं. पुतणीने टेकू घेऊन पाच छरे मारले. पाचही मिळून मध्यम कांद्याएवढ्या वर्तुळात. आता दहा मीटरच्या अधिकृत टार्गेटवर दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटरचा. नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. तिथून पुढे प्रत्येक गुण अडीच-अडीच मिलिमीटरने सरकतो. म्हणजे मध्यम कांदा म्हणजे काय ते लक्षात घ्या.

मग वेग मोजला. मोबाईलवर आवाजाचं ॲप असतं. बंदूक सुटल्याचा आवाज आणि छरा पत्र्यावर आदळल्याचा आवाज, यातला वेळ ते पकडतं. आवाजाला परत यायला लागणारा वेळ वजा करायचा, अंतराला भागायचं. कुठला छरा सेकंदाला १६५ मीटरने जात होता, कुठला २०५ ने. पुतणीने वहीत गणित मांडलं: दहा मीटर जाईपर्यंत हळू छरा १८ मिलिमीटर खाली येतो, जोरातला १२. म्हणजे हात दगडासारखा स्थिर असला तरी सहा मिलिमीटरचा फरक बंदूकच करणार. दोन गुण तिथेच गेले! पोरीची चूक नसताना.

इथे मला जे कळलं ते सांगतो, बाकीचं सगळं त्याच्याच खटपटी आहेत. गावात बंदुकीची चौकशी एकाच प्रश्नाने होते, "जोर किती आहे?" आणि ऑलिंपिकमधली लाखोंची एअर रायफल जोराने आमच्या बंदुकीपेक्षा कमी असते. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला साधारण १७० मीटर, म्हणजे सव्वासात ज्यूल. तिची किंमत आहे ती हा आकडा प्रत्येक वेळी तोच येण्याची.

बंदूक उघडणं हे एकट्याचं काम नाही. आतली स्प्रिंग दाबलेली असते, पिन काढली की उडून तोंडावर येते. आमच्या सुतारमामांच्या लांब शिकंजात ती आवळून धरली, पिन काढली आणि शिकंजा हळूहळू सैल केला. आत काय निघालं? स्प्रिंग काकडीसारखी वाकलेली. पिस्टनचा कातडी वायसर वाळून कडक झालेला. आणि स्प्रिंगच्या मागे दोन लोखंडी वायसर, जे मुळात तिथे नसतातच. मागे कधीतरी दादाने ती "जोर कमी झालाय" म्हणून दुरुस्तीला दिली होती, तेव्हा कुणीतरी स्प्रिंग जास्त दाबली जावी म्हणून ते घातले होते. जोर वाढला असेलही. पण स्प्रिंग वाकली ती त्यानेच.

पुढची कामं सगळी गावातच झाली, याचं मला फार कौतुक आहे. नवा कातडी वायसर चपला शिवणाऱ्या मामांनी कापून, साच्यात दाबून दिला. नळी जिथे मोडते तिथली सीलची रिंग तीन पाटीवर फवारणी पंपाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाली. एचटीपी पंपाच्या ओ-रिंगा चाळता चाळता चौथी बरोबर बसली, किंमत दहा रुपये. हवा गळते का हे बघायला जोडावर कापसाचा पुंजका ठेवून बार काढायचा. आधी पुंजका उडून जायचा, आता हलत नाही. नवी स्प्रिंग थोडी नरम घेतली, आणि तिच्या आत बसणारा दांडा लेथवर नायलॉनचा करून घेतला. त्या दांड्यात आणि स्प्रिंगमध्ये पोकळी असली की बार काढल्यावर तो "टणण्ण" असा आवाज येतो ना, तो त्या पोकळीचाच. पोकळी गेली, आवाज गेला. दोन वायसर अर्थातच परत घातले नाहीत.

तेलाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा उपाय तेल असतो. स्प्रिंगच्या बंदुकीत हवा एका क्षणात इतकी दाबली जाते की पुढे तेल असलं तर पेटतं, डिझेल इंजिनासारखं. धूर येतो, वास येतो, छरा जोरात जातो आणि बघणारे खूश होतात. पुढचा छरा मात्र वेगळ्याच वेगाने जातो. पिस्टनच्या पुढे तेल नाही, मागे स्प्रिंगला बोटभर ग्रीस, बस्स.

चापाच्या आतल्या खाचेला कानस लावायचा मोह मला झाला होता, तो आवरला. ती खाच गुळगुळीत केली की बंदूक धक्क्यानेही सुटू शकते. चापाला पाण्याची बाटली बांधून, पाणी ओतत ओतत वजन काढलं. तीन लिटरच्या वर गेलं तेव्हा सुटला! तेरा वर्षांच्या बोटाला तीन किलो म्हणजे नळीचं तोंडच हलणार. बाहेर एक जुळवणीचा स्क्रू होता तो फिरवून दोनच्या आत आणला, आणि बंदूक जमिनीवर दहादा आपटून ती आपोआप सुटत नाही ना ते पाहिलं. (रिकामी बंदूक, हे सांगायला नको.)

दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा होता. सुतारमामांनी मागून सव्वा इंच कापला, टोकाला जुन्या ट्यूबचं रबर लावलं, आणि गाल टेकतो तिथे लिंबाच्या लाकडाची पट्टी बसवून कानस आणि पॉलिश पेपरने पुतणीच्या गालाच्या मापाची केली. चार वेळा तिला उभं केलं, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली, डोळे उघडल्यावर माशी खाचेत समोर दिसली पाहिजे. पाचव्या वेळी दिसली. सगळे स्क्रू घट्ट राहावेत म्हणून त्यांच्या आट्यांना वहिनींची नेलपॉलिश. रंग गुलाबी.

राहिले छरे. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर, दुपारी गिऱ्हाईक नसताना, एका डबीतले शंभर तोलले. ४६० मिलिग्रॅमपासून ५४० पर्यंत! सराफ म्हणाले, सोन्यात असं असतं तर गावाने मला मारलं असतं. आता तोललेले छरे द्राक्षाच्या पनेटमध्ये वजनाप्रमाणे वेगळे ठेवलेले असतात, आणि स्पर्धेचे वेगळे.

हे सगळं झाल्यावर वेग १६८ ते १७४. पडण्यातला फरक मिलिमीटरभर. पाच छरे आता रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, म्हणजे मध्यम कांद्याची लहान गोलटी झाली, आणि एखाद्या शांत सकाळी त्याहूनही लहान. एकूण खर्च हजाराच्या आत, त्यातही निम्मे छऱ्यांचे.

दादाने जानेवारीत बंदूक उचलली, बांधाकडे तोंड करून एक बार काढला आणि म्हणाला, "दोन महिने उघडून बसलास आणि जोर कमी करून दिलास?"

"हो," म्हणालो.

"मग सुधारलं काय?"

मी त्याला चाळीत नेलं नाही. पुतणीच नेऊन आली. तिने उभ्याने दहा छरे मारले, टार्गेट काढून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. दादा ते उजेडात धरून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, यातले दोन बाहेर गेलेत. ती म्हणाली, "पप्पा, ते दोन माझे आहेत." हे तिचं वाक्य मला फार आवडलं. आधी बाहेर गेलेला छरा कुणाचा, बंदुकीचा का तिचा, हे तिला कळायचंच नाही. मग सराव करून तरी काय सुधारणार? आता तिच्या वहीत रोजचे चुकलेले छरे लिहिलेले असतात आणि समोर कारण: श्वास, घाई, डावा पाय.

बागेवर यंदा जाळी टाकली. जाळीचा खर्च आहे, पण पोपट आणि कायदा दोन्ही सांभाळले जातात.

प्रश्न पुढचा आहे. ओपन साईटला ही बंदूक अजून वर्ष-दोन वर्षं पुरेल. त्याच्यावर जायचं तर पीप साईट. ती जर्मन रायफल दोन-अडीच लाखांच्या पुढे, आणि ते अंतर कातडी वायसर आणि नेलपॉलिशने भरून निघत नाही, मी कितीही हौशी असलो तरी. वहिनी म्हणतात पोरीचं शिक्षण आधी. पुतणी काहीच म्हणत नाही. कांद्यावर चालणाऱ्या घरात अडीच लाख म्हणजे काय ते आमच्याकडच्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ ला उठली, ते पाच महिने अजून कुणी विसरलेलं नाही.

परवा जेवताना दादाने मान वर न करता विचारलं, "ती भोकातून बघायची, सेकंडहँड मिळते का?"

मिळते म्हणालो. अंदाजे आकडाही सांगितला. त्याने हात धुतला आणि विंचूरच्या उपबाजारात लाल कांदा काय भावाने गेला ते बघायला मोबाईल काढला.