व्हिएन्नाचे सुवर्णसभागृह

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे कार्ल्सप्लाट्झ चौकाजवळ ‘म्युझिकफेराइन’ ही भव्य वास्तू उभी आहे. वास्तुविशारद थिओफिल हान्सेन यांनी उभारलेली ही इमारत १८७० साली खुली झाली. आतील सुवर्णसभागृह सुमारे ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच आहे. भिंतींलगत सोनेरी स्त्रीमूर्ती आहेत. लाकडी भूमीखालची पोकळी आणि छपराला टांगलेले छत यांमुळे हे दालन एखाद्या वाद्यासारखे निनादते.

याच दालनात १६ डिसेंबर १८७७ रोजी अंतोन ब्रुकनर यांची तिसरी सिंफनी प्रथम सादर झाली. सिंफनी म्हणजे बहुधा चार भागांची दीर्घ वाद्यवृंदरचना. नियोजित संचालक हर्बेक ऑक्टोबरात निवर्तल्याने ५३ वर्षांच्या ब्रुकनर यांनाच संचालन करावे लागले. एकेक भाग संपे, तसतसे श्रोते उठून जाऊ लागले. अखेरीस मूठभर माणसे उरली. त्यांत १७ वर्षांचे विद्यार्थी गुस्ताव माहलर आणि संगीतप्रकाशक थिओडोर रेटिग होते. रेटिग यांनी ही रचना छापण्याची तयारी दर्शविली. बाजार उठलेला असताना मालाची पारख करून भांडवल घालणारा व्यापारी विरळाच. रेटिग तसे निघाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी ब्राम्स यांची दुसरी सिंफनी याच दालनात हान्स रिख्टर यांच्या संचालनाखाली गाजली.

ब्रुकनर मात्र लिहीत राहिले, जुन्या रचना पुन्हा तपासत राहिले. १८ डिसेंबर १८९२ रोजी त्याच रिख्टर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून त्यांची आठवी सिंफनी सादर केली. पहिला भाग हळुवार विरतो, तिसरा अतिशय संथपणे उलगडतो आणि शेवटी चारही भागांतील स्वरावली एकत्र येतात. उभ्याने ऐकणाऱ्यांनी रुमाल हलविले, ६८ वर्षांच्या ब्रुकनर यांना पुनःपुन्हा मंचावर बोलाविले गेले. ही नोंद त्यांचे कठोर टीकाकार हान्सलिक यांनीच करून ठेवली आहे.

मुंबईचे झुबिन मेहता १९५४ मध्ये शिक्षणासाठी व्हिएन्नास आले, तेव्हा थोर संचालकांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते येथील गायकवृंदात सामील झाले. पुढे याच फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी ब्रुकनर यांची नववी सिंफनी ध्वनिमुद्रित केली.

फिलहार्मोनिकच्या वर्गणीदारांत स्थान मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागते. तथापि सभागृहाच्या मागील बाजूस उभ्याने ऐकण्याची अल्प दराची तिकिटे आजही मिळतात. व्हिएन्नास जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे. १८९२ मधील ते रुमाल उभ्या श्रोत्यांच्याच हाती होते.