चार वर्षांतून एक दिवस

२९ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. उपवासकाळ चालू होता. संध्याकाळची रोझरी आटोपून मी माळ डबीत ठेवीत होते, तोच डब्लिनहून लेकीचा फोन आला. ती तेथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती म्हणाली, "आई, आज मी त्याला लग्नाचं विचारलं. मीच विचारलं."

मुलगा माझ्या ऐकण्यात होता. घराणे गोव्याचे, धर्मनिष्ठ. तरीही माझ्या तोंडून निघून गेले, "तू विचारलंस? लोक काय म्हणतील?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग हसण्याचा प्रयत्न करीत ती म्हणाली, "अगं, इथे आजच्या दिवशी चालतं. संत ब्रिजिडचीच परवानगी आहे!" मी काहीतरी निमित्त काढून फोन ठेवला.

ती परवानगी अशी. आयरिश लोककथेनुसार ब्रिजिड संत पॅट्रिककडे गाऱ्हाणे घेऊन गेली : पुरुष भिडस्त, ते विचारीत नाहीत, आणि स्त्रियांनी किती काळ वाट पाहायची? पॅट्रिकने सात वर्षांतून एकदा स्त्रियांना विचारण्याची मुभा देऊ केली. ब्रिजिडने घासाघीस करून ती चार वर्षांवर आणली. लीप वर्षाचा हा वाढीव दिवस नेहमीच्या नियमांबाहेरचा. तेव्हा त्या दिवशी रीतही उलटी व्हावी, असे लोकांना वाटले असावे. जो पुरुष नकार देईल त्याने रेशमी वस्त्र किंवा हातमोजे द्यावेत, असाही संकेत होता.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. परंपरेने मानलेल्या एका कालगणनेनुसार पॅट्रिकचे निधन ४६१ च्या सुमारास झाले. तेव्हा ब्रिजिड जेमतेम दहा वर्षांची होती. स्कॉटलंडच्या राणी मार्गारेटने १२८८ मध्ये असा कायदा केला असेही सांगतात. पण ती त्या वर्षी पाच वर्षांची बालिका होती, आणि राहत होती नॉर्वेत! शिवाय ब्रिजिडने स्वतः लग्नाला नकार देऊन किल्डेअरला मठ स्थापन केला, अशी परंपरा आहे. आयर्लंडने २०२३ पासून तिच्या सणाची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. जिने स्वतःसाठी काही मागितले नाही, तिच्या तोंडी लोकांनी इतर स्त्रियांचे गाऱ्हाणे घातले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

कारण ते गाऱ्हाणे मी आमच्या घरात पाहिले आहे. माझी आत्या आयुष्यभर अविवाहित राहिली. चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या एका शिक्षकावर तिचा जीव होता. त्यांच्याकडून मागणी येईल म्हणून ती थांबली. हिच्या घरचे काही सुचवतील म्हणून ते थांबले. एका रविवारी मिस्सेनंतर त्यांच्या लग्नाची जाहिरात वाचली गेली, ती दुसऱ्याच मुलीशी. आत्या तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती. ती उठली नाही, रडली नाही. म्हातारपणी एकदाच मला म्हणाली, "बाय, एक शब्द बोलायचा होता. तो कोणी बोलायचा, एवढंच आम्हांला ठाऊक नव्हतं."

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी बायबल उघडले. रूथचे पुस्तक लहानसे आहे. विधवा, परकी, गरीब अशी ती मवाबी स्त्री सासू नामीच्या सांगण्यावरून रात्री खळ्यावर जाते आणि बवाजाला, मला तुमच्या पांघरुणाखाली घ्या, असे सांगते. बवाज तिला निर्लज्ज म्हणत नाही, तो तिला आशीर्वाद देतो. याच रूथच्या वंशात दावीद जन्मला, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून नोंदले. आपल्या धर्मसभेचा कायदाही हेच सांगतो की विवाह होतो तो दोघांच्या संमतीने. ती संमती अन्य कोणालाही त्यांच्या वतीने देता येत नाही. आधी कोणी विचारावे, यावर मात्र त्याने बंधन घातलेले नाही. ते बंधन आपण घातले, आणि त्याला मर्यादा असे नाव दिले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला जाण्याआधी मीच डब्लिनला फोन लावला. आदल्या दिवशी जे विचारायचे राहिले होते, ते विचारले, "अगं, मग तो काय म्हणाला?"

"हो म्हणाला," लेक म्हणाली. थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "पण आई, नाही म्हणाला असता तरी मी तुलाच पहिला फोन केला असता."

त्या संध्याकाळी प्रार्थनेत मी दोन नावे घेतली. एक लेकीचे, दुसरे आत्याचे.