नंदीचा घसारा

आमच्या घरात नवी वस्तू सहसा येत नाही. येते ती दुसऱ्याच्या घरी अर्धे आयुष्य काढून, चांगली पोक्त होऊन मगच येते. स्कूटर एका तलाठ्याकडून आली, कपाट बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून आले आणि सकाळचे वर्तमानपत्रसुद्धा शेजारच्या मास्तरांनी शब्दकोडे सोडवल्यावर दुपारी येते. लोक याला कंजुषी म्हणतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे याला घसाऱ्याचा अभ्यास म्हणतो. नवी वस्तू दुकानाची पायरी उतरली की तिची किंमतही उतरते. तो पहिला उतार दुसऱ्याने सोसावा आणि पुढची सपाटी आपण वापरावी, एवढेच माझे अर्थशास्त्र.

तेव्हा सात वर्षांच्या चिरंजीवांनी श्रावणात "पप्पा, मला बसायचा नंदी पाहिजे" अशी मागणी नोंदवली, तेव्हा मी डगमगलो नाही. मात्र दत्त चौकात जाऊन भाव काढल्यावर थोडा डगमगलो. चाकांचा, झूल घातलेला, पोराला पाठीवर घेईल असा सागवानी नंदी सात हजारांना होता. एवढ्या पैशात पूर्वी जिवंत बैल मिळत असे, आणि तो शेणही देत असे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. श्रावणातल्या अमावास्येला बैलपोळा होतो, तो तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदातल्या प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. तो पोरांचा. नागपूरचे दुसरे रघूजी राजे भोसले यांनी 1806 साली तो सुरू केला, असे सांगतात. पोरांनाही बैलाची ओळख आणि माया लागावी, हा त्यामागचा हेतू. पोरे आपापले लाकडी नंदी दोरीने ओढत मैदानात आणतात, तोरणाखाली उभे करतात, बक्षिसे मिळवतात आणि मग घरोघर नंदी फिरवून बोजारा मागतात. बोजारा म्हणजे नंदीच्या नावाने मिळणारी आणि पोराच्या खिशात जाणारी रोख रक्कम. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला तर एवढाले नंदी येतात की ते ओढायला पोरांचे बाप जुंपावे लागतात.

चार दिवस चौकशी केल्यावर मला हवा तसा नंदी सापडला. आर्णी रोडवरच्या एका निवृत्त इंजिनिअरांची मुले पुण्याला गेली होती आणि नंदी जिन्याखाली राहिला होता. तीनशे रुपयांत सौदा पटला. इंजिनिअरसाहेब इतक्या चटकन "घेऊन जा" म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

घरी आणल्यावर सौ.ने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. ती भक्तीची नव्हती.

"अहो, याला एकच शिंग आहे."

"दुसरं लावू."

"चाकं तीन आहेत."

"चौथं लावू."

"कान नाहीत, शेपूट नाही. मग तुम्ही आणलं काय?"

मी तिला शांतपणे समजावले की सांगाडा सागवानी आहे, बाकीची किरकोळ दुरुस्ती. त्यावर ती एवढेच म्हणाली, "स्कूटर आणली तेव्हाही तुम्ही हेच म्हणाले होते."

पहिल्या रविवारी मी नंदीला पॉलिश पेपरने घासायला बसलो. वरचा मळकट रंग गेला, तो खाली हिरवा निघाला. हिरव्याखाली गुलाबी निघाला. दुपारपर्यंत मी नंदीच्या पाच पिढ्या ओलांडल्या होत्या आणि माझ्या बोटांची सालेही त्याच प्रमाणात निघाली होती. चिरंजीव अंगठा चोखत बघत होते. त्यांनी विचारले, "पप्पा, आत काहीच नसलं तर?" त्या क्षणी मी पेपर खाली ठेवला.

दुसऱ्या रविवारी रंग. पांढरा ऑइल पेंट आणला. दुकानदाराने सांगितले, पांढऱ्याला झळाळी यायला निळ्या स्टेनरचे दोन थेंब टाका. मी दोनच टाकणार होतो. बाटलीचे बूच मात्र आमच्या शाखाधिकाऱ्यांसारखे निघाले, आधी काही केल्या हलेना आणि हलले ते सगळे एकदमच. तरी रंग वाया जाऊ नये म्हणून मी तोच लावला. मग शिंग. बाजारात सुटे शिंग मिळत नाही, म्हणून स्वयंपाकघरातले मूठ मोडलेले एक लाटणे एम-सीलने डोक्यावर बसवले. चाके भंगारवाल्याकडून आणली. ती ऑफिसच्या फिरत्या खुर्चीची होती, गुळगुळीत चालणारी. त्यांची दुसरी खासियत अशी की ती चारी दिशांना फिरतात. चिरंजीवांना बसवून मी दोरी ओढली, तर नंदी खेकड्यासारखा आडवा निघाला, मोरीपाशी गेला, तिथे त्याने गिरकी घेतली आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिला.

एवढा वेळ ओसरीवर बसलेले माझे वडील काही बोलले नव्हते. आई गेल्यापासून ते दारव्ह्याजवळचे आमचे गाव सोडून यवतमाळला माझ्याकडे असतात. शेत बटईने दिले आहे. शहरात त्यांना बोलण्यासारखे काही सापडत नाही, म्हणून ते फारसे बोलत नाहीत. त्या दिवशी ते उठून आले आणि नंदीसमोर उकिडवे बसले.

"हे काय होय?"

"नंदी होय, बाबा."

"असं काय! मले वाटलं, रोही होय. वावरातून हाकलला त घरात घुसला."

नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. उभे पीक फस्त करण्यात तिचा हात कुणी धरत नाही, त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडून याहून मोठी शिवी निघत नाही. मी रंगाकडे नीट पाहिले. बाबांचे बरोबर होते.

"अन् हे शिंग? हे त लाटणं होय."

तेही बरोबर होते.

"थांब. तू सोड ते. तुले बँकेतलंच जमते."

त्या दिवसापासून नंदीचा ताबा माझ्याकडून गेला. मी बँकेतून परतलो की रोज काही नवे दिसे. बाबा सकाळी स्वतः सुताराकडे जाऊन लाकडी चाके कातून घेऊन आले. आस बसवला, त्याला वंगण दिले आणि नंदी नाकासमोर चालू लागला. त्याची चाल आमच्या शकुंतलेसारखी झाली. ही शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर धावणारी, आता बंद पडलेली नॅरोगेजची गाडी. लहानपणी आम्ही दारव्ह्याहून तिनेच यायचो. घाई तिला ठाऊक नव्हती, पण आडवी ती कधी गेली नाही. लाटणे स्वयंपाकघरात परत गेले आणि लाकूड तासून केलेले, थोडे मागे वळलेले शिंग आले. सौ.च्या जुन्या पातळाच्या काठांची झूल झाली. तिने ते पातळ न कुरकुरता दिले, याची मी मनात नोंद घेतली.

मग एका संध्याकाळी बाबांनी माझ्याकडून तांबड्या रंगाचा डबा मागवला. म्हटले, नंदी पांढरा असतो. ते म्हणाले, "तू आण नं." रात्री रोह्याचा सगळा निळेपणा तांबड्याखाली गेला. कपाळावर तेवढा एक पांढरा चंद्र राहिला. शेवटी डोळे काढायचे होते. चिरंजीव बाजूला बसून सूचना देत होते.

"आबाजी, हा डोळा बारीक झाला."

"तो बारीकच होता, बाप्पा. बाभळीचा काटा लागला होता त्याले."

मी वर्तमानपत्र वाचत होतो, ते तसेच धरून राहिलो. तो चांद्या होता.

चांद्या आणि हौश्या ही आमची जोडी. 2005 साली मला बँकेत नोकरी लागली आणि त्याच महिन्यात बाबांनी बैलबाजारात जोडी विकून गावच्या सोसायटीचे कर्ज एकरकमी फेडले. कुणी कारण विचारले तर म्हणाले, पोरगा बँकेत आणि बाप थकबाकीत, हे बरे दिसत नाही. पुढे 2008 मध्ये केंद्र सरकारची कर्जमाफी आली. पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याचे थकलेले पीककर्ज सगळे माफ. आमचे शेत पाच एकरांच्या आतलेच, पण आमच्याकडे थकलेले काही उरले नव्हते. माफीच्या याद्या करायला मी रात्री दहा-दहा वाजेपर्यंत शाखेत बसत होतो. एकेक नाव लिहिताना हात अडखळे. घरी येऊन बाबांना हिशेब सांगितला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ज्याचं माफ झालं, त्याचं भलं झालं." नंतर हा विषय निघाला नाही. बैलांचाही निघाला नाही. मीही काढला नाही. आमच्या धंद्यात जुनी खाती उगाच उघडत नाहीत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानाने शेकतात. मी घरी आलो तर बाबांनी वाटीत तूप-हळद कालवली होती. श्रावणाच्या दमट हवेत माझा ऑइल पेंट अजून पुरता वाळला नव्हता. त्यावर तूप चोळल्यावर खांद्याचा रंग निघून बाबांच्या तळहाताला लागला.

"बाबा, रंग गेला नं."

"जाऊ दे. खांदा महत्त्वाचा."

तान्ह्या पोळ्याला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मैदानात एकेक नंदी असा की डोळे दिपावेत. कुणाला बॅटरीचे दिवे, कुणाच्या पोटात स्पीकर. आमचा नंदी एका डोळ्याने बारीक, खांद्याला रंग उडालेला आणि साडीचा काठ पांघरलेला. परीक्षक आले, क्षणभर थांबले आणि "खांद्याजवळ रंग राहिला वाटतं" म्हणून पुढे गेले. आम्हाला उत्तेजनार्थही मिळाले नाही. चिरंजीवांचा चेहरा पडला. बाबांनी त्यांना उचलून नंदीवर बसवले, कासरा हातात घेतला आणि तोंडाने असा काही आवाज काढला की तो मी वीस वर्षांनी ऐकला. बैल हाकण्याचा. ते अख्ख्या कॉलनीतून फिरले. प्रत्येक दारात बाबा नंदीची माहिती देत होते: चार दाती असताना घेतला, डावीकडे चालतो, पोराले मारत नाही. लोकांना ते आपल्या पोरासोबतचा खेळ वाटत होते.

बोजारा तीनशे चाळीस रुपये जमला. खरेदी तीनशे वजा जाता चाळीस रुपये नफा, असे मी सौ.ला सांगितले. तिने रंग, स्टेनर, एम-सील, खुर्चीची चाके, सुतार आणि पातळ यांचा खर्च मोजला आणि मला माझ्या पदवीचे वर्ष विचारले.

नंदीला ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो बाबांच्या खाटेखाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडताना सौ.ने मला हाक मारली. नंदीच्या तोंडासमोर हिरव्या गवताची एक लहानशी पेंढी पडली होती.

"हे कुणी ठेवलं? पोरगा नाही म्हणतो."

बाबा ओसरीवर पाठमोरे बसून चहा पीत होते. मी त्यांना विचारले नाही. आमच्या बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती उचंत खात्यात टाकतात आणि वर्षअखेरीला तिचा निकाल लावतात. मी सौ.ला म्हटले, "राहू दे तिथंच."

"किती दिवस?"

"मार्चअखेर पाहू."