याओवारातचे फोटो आणि गेटसमोरची गाडी

डिसेंबरात बँकॉकला गेलो होतो. पाचपैकी तीन संध्याकाळी याओवारातवर गेल्या. याओवारात म्हणजे तिथलं चायनाटाऊन. दिवसा सोन्याची दुकानं, आणि अंधार पडला की त्याच रस्त्याच्या कडेला चुली पेटतात. कालवांचं ऑम्लेट, मिरीचं सूप, भाजलेले चेस्टनट. फुटपाथवर प्लास्टिकची स्टुलं, पाठीला घासून जाणारी माणसं, धूर, हॉर्न. इथेच फोटो टाकले होते, तुम्ही भरभरून लाईक केलेत.

परत आलो आणि आठ दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर एक पत्र फिरलं. 'गेटसमोरची चायनीजची गाडी हटवा.' मी सही केली.

खोटं कशाला बोलू, कारणं होती. आई चौऱ्याहत्तरची. स्टुलं टाळायला तिला रस्त्यावर उतरावं लागायचं, आणि शांतीनगरात संध्याकाळी रिक्षा कशा येतात ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय भट्टी विजेच्या डीपीपासून चार हातांवर.

पण त्याच गाडीवर माझ्या मुलाची दहावी पार पडली. क्लासवरून आला की हाफ प्लेट ट्रिपल शेजवान. लाल गाडी, त्यावर पोट सुटलेला ड्रॅगन, कोबीचा ढीग. याला 'चायनीज' म्हणायचं, पण चीनमध्ये कुणी ओळखणार नाही. मंचुरियन तर आपल्या मुंबईचंच. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग सांगत की १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी ते पहिल्यांदा केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. मुंबईलाही चायनाटाऊन होतं, माझगावात. १९६२ च्या युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबं राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबली गेली, कित्येक देश सोडून गेली. माझगावात त्यांचं जुनं देऊळ अजून आहे. माणसं पांगली, आणि चव मात्र मीरा-भाईंदरच्या गल्लीगल्लीत येऊन बसली.

तर एका दुपारी गाडी उचलली गेली. मलाही हेच हवं होतं, तरी संध्याकाळी ती मोकळी जागा बघवेना.

पंधरा दिवसांनी तो स्टेशनजवळ भेटला. नेपाळचा पोरगा, आता दुसऱ्याच्या गाडीवर कांदा चिरतो. नोटीस वगैरे मिळाली होती का विचारलं. म्हणाला, कसली नोटीस? मग हसत म्हणाला, "अंकल, कोई पहले बोल देता, तो मैं दस फूट सरक जाता."

माझी सही त्याला माहीत नव्हती. मीही सांगितली नाही.

घरी येऊन पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा वाचून काढला. सर्वेक्षण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही. नंतरही हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस. कुठे गाड्या लावायच्या हे ठरवताना नगर पथविक्रेता समितीचं मत घ्यायचं, आणि त्या समितीत किमान ४० टक्के विक्रेतेच हवेत. म्हणजे आईचा फुटपाथ आणि त्याची गाडी, दोन्हींची सोय कायद्यात आहे. आम्ही पत्रात एका ओळीनेही ती मागितली नाही. नुसतं 'हटवा'.

बँकॉकमध्येही २०१७ साली रस्त्यावरच्या गाड्या काढायला घेतल्या होत्या. बोंबाबोंब झाल्यावर याओवारातला नियम घालून ठेवलं. तिथे माझ्यासारखे पाहुणे पैसे टाकतात म्हणून, दुसरं काय! आपल्या गाडीचे फोटो काढायला कोण येणार?

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. दुसरं पत्र लिहून ठेवलंय: गाडी नाल्याच्या भिंतीकडे लागावी, डीपीपासून लांब, स्टुलं नकोत, पार्सलच द्यावं. आईने पहिली सही केली. सेक्रेटरी म्हणतात, "एकदा सही केल्यावर आता काय हे?" बघू. आणि पोराला शोधून पहिल्या पत्राचंही सांगायचंय, ते जास्त जड जाणार आहे.