लाइपझिगची जाळी सोलापुरात

सोलापुरात राहून सुयांवर विणकाम करते म्हटलं की लोक विचारतात, एवढ्या उन्हाच्या गावात स्वेटर घालतं कोण? मी स्वेटर विणत नाही. मी बारीक सुती दोऱ्याची लेस विणते, आणि तीही ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या जर्मन पुस्तिकांवरून. मला जर्मन येत नाही. तरी आज माझ्या टेबलावर दीड हात रुंदीचा जो रुमाल पसरलाय, त्याची पाकळी न् पाकळी पुस्तिकेत आहे तशी उतरली आहे. हे कसं जमलं, ते सांगायचं तर आधी आमच्या पूर्व भागातल्या घरात यावं लागेल.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझायनर होते. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी मागावर येण्याआधी ग्राफ पेपरवर रंगवावी लागायची, ते त्यांचं काम. ग्राफवरची एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. त्या ओळीत जिथे घर रंगवलेलं असेल, तिथे पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक पाडायचं. भोक असेल तिथे जकार्डचा हुक वर जातो आणि ताण्याचे धागे उचलतो. फ्रान्समधल्या लियोंच्या जोसेफ मारी जकार्डने 1804 च्या सुमाराला जे यंत्र उभं केलं, त्याच तत्त्वावर आमच्या गल्लीतले माग दिवसरात्र खडखडत असत. बाबांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. पण रंगवलेला ग्राफ पुढे ठेवला की कापड विणायच्या आधीच ते सांगत, ‘हितं मोराची मान जाड येणार, एक घर कमी कर.’ आणि चादर निघाली की तसंच दिसे.

स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने तिथल्या जुन्या बाजारातून मला एक पुस्तिका आणली. वर प्रकाशकाचं नाव, ऑटो बायर, लाइपझिग. विणकाम-भरतकामाच्या पुस्तिका काढणारी ही त्या काळातली मोठी संस्था. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्याच जागी लाइपझिगमध्ये बायकांसाठीची प्रकाशनसंस्था उभी राहिली. जर्मनीत या प्रकाराला कुन्स्टश्ट्रिकन म्हणतात, म्हणजे कलात्मक विणकाम. मधोमध मोजके टाके घालून सुरुवात करायची आणि गोल गोल बाहेर वाढत जायचं. बर्लिनहून क्रिस्टिने डुख्रो यांनी अशा नमुन्यांची मालिकाच काढली होती. पण या कलेतलं सगळ्यात मोठं नाव हर्बर्ट नीबलिंग यांचं. 1966 साली ते वारले. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर त्यांनी खऱ्यासारखी पानं-फुलं उमटवली, तीही निव्वळ टाके वाढवून आणि घटवून. माझ्या मते सुयांवर याहून अवघड आणि याहून सुंदर काम कुणी केलेलं नाही.

पुस्तिकेतला मजकूर जुन्या गॉथिक वळणाच्या टाइपात होता. 1941 मध्ये खुद्द जर्मन सरकारनेच तो टाइप बंद केला. आजच्या जर्मन मुलांनाही तो अडखळत वाचावा लागतो. माझ्या मोबाईलने तर हातच टेकले. त्यात चिन्हांचा खुलासा असलेलं पान फाटून गेलेलं. राहिले होते फक्त चौकटींचे तक्ते आणि एक धूसर फोटो.

आपल्याकडे विणकामाचा नमुना ओळीओळीने लिहून देतात: दोन सुलट, दोरा पुढे, दोन एकत्र. तक्त्यावरून विणायची सवय कमी. मी तक्ता बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘अर्थ र्‍हाऊ दे. आधी घरं मोज.’

तेवढ्या एका वाक्याने कुलूप उघडलं. तक्त्यात एकाआड एकच फेरी छापलेली होती. मधल्या फेऱ्या सगळ्या सुलट, म्हणून छापायची गरजच नाही, हे फोटोवरून आणि अंकांवरून कळलं. मग अडलेलं चिन्ह कसं उलगडायचं? समजा, आधीच्या फेरीत एका भागात 9 टाके आहेत. तक्त्यात पुढे गोल, तीन रेघा, एक त्रिकोण, तीन रेघा, पुन्हा गोल. रेघ म्हणजे सुलट टाका, गोल म्हणजे सुईवर नुसता दोरा घेऊन केलेलं भोक, हे जाळीच्या फोटोवरून दिसतं. रेघा सहा, म्हणजे 6 टाके वापरले. भोकाला जुना टाका लागत नाही. उरले 3, ते एकट्या त्रिकोणाने खाल्ले. म्हणजे त्रिकोण म्हणजे तीन टाक्यांचा एक. नवे टाके पुन्हा 9 झाले, हिशेब जुळला. घट डावीकडे झुकते की उजवीकडे, ते फोटोवर भिंग धरून बघायचं. दोन गोल शेजारी आले तर पुढच्या फेरीत त्यातल्या एकावर सुलट आणि एकावर उलट टाका घालायचा, नाहीतर भोक धरून राहत नाही. प्रत्येक प्रकाशकाची चिन्हं वेगळी, त्यामुळे बायरची किल्ली डुख्रो यांना लागत नाही. मोजणी मात्र सगळीकडे लागते.

एका गोष्टीने बाबाही थबकले. चादरीचा ग्राफ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेवढाच रुंद, कारण ताण्याचे धागे वाढत नाहीत. हा तक्ता मात्र कलिंगडाच्या फोडीसारखा, खाली टोक आणि वर रुंद, आणि मधेच घरं कोरी सोडलेली. त्या कोऱ्या घरात टाकाच नसतो. तो पुढे वाढणार असतो, त्याची जागा फक्त धरून ठेवलेली असते. बाबा खूप वेळ तक्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘म्हंजे हितं ताणाच वाढत जातोय. हे मागावर नाही व्हायचं. माणसाच्या हातानंच व्हायचं.’ आयुष्यभर यंत्रासाठी नक्षी काढलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला भरून आलं.

नवी पेठेतून 20 नंबरचा क्रोशाचा दोरा आणला, 2 मिलिमीटरच्या दोन्हीकडे टोक असलेल्या सुया घेतल्या. 8 टाक्यांनी सुरुवात, चार सुयांवर टाके आणि पाचवीने विणायचं. सुती दोरा लोकरीसारखा ताणत नाही. हात घट्ट असेल तर बोटं दुखतात आणि सैल असेल तर पानांचा आकार जातो. टाके वाढले की गोल सुईवर घ्यायचे. शेवटची कड सुयांनी बंद करत नाहीत. तक्त्याच्या माथ्यावर 3, 3, 5, 3 असे अंक असतात. तितके तितके टाके क्रोशाच्या सुईने एकत्र बांधायचे आणि मधे साखळीचा फास सोडायचा. सुईवरून उतरलेला रुमाल चुरगळलेल्या फडक्यासारखा दिसतो. तो भिजवून, खळ लावून, ताणून टाचण्यांनी पाटावर बसवला की मगच पानं उघडतात. मागावरच्या सुताला खळ देणाऱ्या गावात मला ती कशी करायची हे कुणाला विचारावं लागलं नाही. तांदळाची पातळ पेज पुरते. फक्त एप्रिलच्या दुपारी हे काम काढू नये. अर्ध्या टाचण्या लागेपर्यंत दुसरी बाजू वाळून कडक होते. आम्ही रात्री जेवणं झाल्यावर बसलो. बाबा टाचण्या देत होते.

टाचण्या देता देता त्यांच्याच ग्राफांचा विषय निघाला. आता नक्षी कॉम्प्युटरवर होते, भोकांचे पत्तेही बऱ्याच ठिकाणी गेले. बाबांनी रंगवलेले ग्राफ कारखान्यातच राहिले आणि कारखाना बंद झाला तेव्हा रद्दीत गेले. घरात एकच उरलाय, कोपरे खाल्लेला, मोराचा. लाइपझिगची पुस्तिका माझ्यापर्यंत पोहोचली, कारण ती छापलेली होती; एक प्रत फाटली तरी दुसरी कुणाच्या तरी कपाटात राहते. सोलापूरचा ग्राफ हाताने रंगवलेला, त्याची प्रत एकच. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान आपण बाळगतो, पण ती चादर ज्या कागदावर आधी जन्मली, तो कागद जपायचं कुणाच्या मनात आलेलं मला दिसत नाही.

म्हणून पूर्व भागातल्या घराघरांना माझं सांगणं आहे. माळ्यावर, पेटीच्या तळाशी असा रंगवलेला ग्राफ असेल तर तो रद्दीत देऊ नका. गुंडाळी न करता सपाट ठेवा. फोटो काढाल तर एकेक घर मोजता येईल इतक्या जवळून काढा. आणि ज्यांनी तो रंगवला ते अजून घरात असतील, तर कितव्या साली, कुठल्या कारखान्यासाठी, किती हुकांच्या जकार्डसाठी काढला, हे त्यांना आजच विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.